पाक मोठ्यांचा, लाडू मुलांचे: भोगीच्या दिवशीचं एक स्वयंपाकघर

साताऱ्यातलं माझं माहेर, भोगीचा दिवस, १३ जानेवारी. घरात तीन मुलं: भावाची मुलगी अकरा वर्षांची, तिचा भाऊ सातचा आणि माझा मुलगा चार पूर्ण झालेला. मोठ्यांत माझी आई, वहिनी आणि मी. भाऊ सकाळीच मंडईतून पिशव्या टाकून कामावर गेला. दिवसभरात भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, मुगाची खिचडी आणि दुसऱ्या दिवशी वाटायला तिळाचे लाडू, एवढं उरकायचं होतं. मुलांना सुट्टी होती आणि "आम्हीपण करणार" हे त्यांनी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं.

या एका दिवसाचं प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की थंडीतला स्वयंपाक मुलांबरोबर करताना जे जे अडतं ते जवळपास सगळं इथे एकाच ओट्यावर अडलं. सगळ्यात आधी अडला तो पाक. माझ्या आईला यापुढे मी आजीच म्हणते, त्या दिवशी ती सर्वस्वी त्याच भूमिकेत होती.

आजीची पद्धत ठरलेली. चिक्कीचा गूळ, गोळीबंद पाक (म्हणजे ज्याचा थेंब गार पाण्यात टाकला की गोळी होते तो), त्यात भाजलेले तीळ, दाण्याचं जाडसर कूट, किसलेलं सुकं खोबरं, वेलची. पातेलं खाली उतरलं की सगळ्यांनी भोवती बसायचं आणि तुपाचा हात लावून, फू फू करत, मिश्रण घट्ट व्हायच्या आत लाडू वळून मोकळं व्हायचं. ती स्वतः सहा-सात वर्षांची असल्यापासून अशीच वळत आली आहे. वहिनी एरवी सासूशी वाद घालत नाही, पण इथे तिने स्पष्ट सांगितलं, "आई, पोरं पाकाजवळ नकोत."

"मग लाडू काय मोबाइलवर वळणार आहेत?" आजी म्हणाली. "आमचे हात काय झडले का?"

दोघींचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. आजी म्हणते तसा लाडू वळण्यात जो आनंद आहे तो नुसतं बघण्यात नाही. तीळ-गुळाचा सण मुलांना ताटात वाढून मिळाला तर तो मिठाईच्या दुकानातल्या डब्याहून वेगळा उरत नाही. पण वहिनीची भीतीही फुकाची नव्हती. साताऱ्याच्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या थोडं अलीकडेच उकळतं. गोळीबंद पाक ११५ ते १२० अंशांच्या आसपास असतो आणि चिक्कीसाठी कडक करायला गेलं तर १५० च्या जवळ पोचतो. शिवाय उकळतं पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं. पाक चिकटून बसतो आणि झटकायला गेलेल्या दुसऱ्या हातालाही धरतो. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यामुळे मोठ्यांना जो चटका वाटतो त्याने त्यांना फोड येऊ शकतो.

त्यात थंडी. उन्हाळ्यात हेच मिश्रण बराच वेळ कोमट आणि मऊ राहतं. जानेवारीत, थंडगार ओट्यावर, पातेल्यातला वरचा थर पटकन थंड होऊन घट्ट होतो, पोटात मात्र आच तशीच असते. मूल वरून बोट लावून बघतं, गार लागतं, मूठभर उचलतं आणि आत चटका बसतो. थांबलं तर मिश्रणाचा दगड होतो. हाताला सोसेल आणि तरी वळता येईल अशी वेळ थंडीत फार थोडी मिळते. सराईत हातांना ती पुरते, सात वर्षांच्या हातांना पुरत नाही. आजी लहान होती तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना आजीची आई आणि काकू बसलेल्या असायच्या आणि चूल जमिनीवर होती, ही गोष्टही थोडी पुढे बोलणं झालं तेव्हा तिनेच सांगितली. ओट्यावरची शेगडी सात वर्षांच्या मुलाच्या तोंडासमोर येते. जमिनीवरची चूल त्याच्या गुडघ्याच्या उंचीला होती.

मग ठरलं ते असं. पाक होणार, पण त्याच्या लाडवांऐवजी वड्या करायच्या. वडीला हाताने वळावं लागत नाही, तूप लावलेल्या ताटात ओतलं की झालं. आणि मुलांसाठी बिनपाकाचे लाडू. आजीने नाक मुरडलं, कारण तिच्या लेखी बिनपाकाचा लाडू हा लाडूच नव्हे. पण साधा मऊ गूळ घरात होता, तिने अडवलं नाही.

कोणत्या वयाच्या मुलाला स्वयंपाकघरातलं कोणतं काम द्यावं याचे तक्ते सगळीकडे मिळतात. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. आमचा सात वर्षांचा मुलगा तीळ निवडताना म्हाताऱ्या माणसासारखा शांत बसतो आणि गॅसची खिटी दिसली की त्याचा हात आपोआप तिकडे जातो. एकाच मुलाचं एका कामाचं वय दहा आणि दुसऱ्याचं चार. म्हणून आम्ही कामं वयाऐवजी तापमानाने वाटली. गार कामं सगळ्यांची, कोमट कामं विचारून, आणि उकळतं ते फक्त मोठ्यांचं. थोरलीला कोमट कामांत घेतलं.

गार कामांत पहिलं तीळ पाखडणं. मंडईतले सुटे तीळ होते, त्यांत बारीक खडे आणि माती निघतेच. मधल्याने सूप घेतलं आणि पहिल्या दोन झटक्यांत निम्मे तीळ अंगणात. आजीने त्याच्या मागे उभं राहून त्याचे मनगट धरले आणि सूप उडवायचं नाही, पुढे सारून मागे खेचायचं, हे दाखवलं. हे शब्दांत सांगून येत नाही. मनगटाला कळावं लागतं आणि एकदा कळलं की तो अर्धा तास उठला नाही.

धाकट्याला शेंगा सोलायला बसवलं. पावटा, मटार आणि हरभऱ्याचे घाटे. हरभऱ्याची आंब बोटांना लागली आणि चाटून बघितल्यावर त्याचं तोंड आंबट झालं, मग सोलण्याऐवजी बोटं चाटण्याचाच कार्यक्रम सुरू झाला. हिरव्या हरभऱ्याच्या पाल्यावर आणि घाट्यांवर आम्लाचा पातळ थर असतो, थंडीच्या दवात त्याची चव आणखी कळते. हरकत काहीच नव्हती, घाटे धुतलेले होते. हरकत दुसऱ्या गोष्टीची होती. या वयाच्या मुलांना गोल दाणा दिसला की तो तोंडाआधी नाकात घालून बघावासा वाटतो, आणि आख्खा शेंगदाणा किंवा कच्चा हरभरा घशात अडकू शकतो. म्हणून त्याच्यासमोर एक मोठं माणूस सतत बसून होतं आणि तोंडात काही असताना हसवायचं नाही, पळवायचं नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनाच लावला. बोरं त्याला बी काढून दिली. दाण्याचं कूट करायचं होतंच, त्यामुळे आख्खे दाणे त्याच्या हाती लागायची गरज पडली नाही.

शेजारची एक मुलगीही दुपारी येऊन बसली. तिच्या आईला वहिनीने दारातूनच विचारलं की तीळ किंवा दाणे तिला चालतात ना. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची पद्धत नाही आणि थोडं अवघडल्यासारखं होतं, पण परक्या मुलाला ओट्याशी घेताना तो विचारलाच पाहिजे. तिळाची ॲलर्जी असते आणि काहींना ती जोराची असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकीटबंद खाण्यावर तिळाचा उल्लेख स्पष्टपणे करणं कायद्याने सक्तीचं झालं आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी आयांनी मुलांच्या वर्गात तिळगूळ पाठवण्याआधी शाळेला विचारावं, ते याचसाठी.

कोमट कामं सुरू झाली तशी खरी कसोटी आली. तीळ भाजायला थोरली उभी राहिली. जाड बुडाची लोखंडी कढई, मंद आच, लांब दांड्याचं उलथनं, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. तीळ तापले की त्यांच्या पोटातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ते तडतडून उडतात. पहिला तीळ तिच्या गालावर उडाला तेव्हा ती दचकून मागे सरली, पण उलथनं सोडलं नाही. आजीने हातात झाकणी दिली, ढालीसारखी धरायला. तीळ झाले हे कसं ओळखायचं, तर रंगावर जायचं नाही. रंग दिसेपर्यंत ते कढईच्या उष्णतेने पुढे जाऊन कडू होतात. चिमूटभर ताटात काढून बोटांत चुरडायचे, कच्चा वास गेला आणि तीळ फुगून हलका लागला की लगेच दुसऱ्या ताटात ओतायचे. चुरडून बघण्याचं काम थोरलीने मधल्याला दिलं. तिने स्वतःहून दिलं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

बिनपाकाच्या लाडवाचं गणित साधं आहे. तिळाच्या वजनाच्या निम्मं जवळपास तेलच असतं. भाजून कुटलं की ते सुटतं आणि मऊ गुळाबरोबर मिळून येतं, पाकाने जे बांधायचं ते काम हे तेल करतं. पाव किलो तीळ, तेवढाच किसलेला साधा गूळ, वाटीभर दाण्याचं कूट, वेलची, चिमूटभर सुंठ. मिक्सरमध्ये सलग फिरवलं तर तिळाचं लोणीच होतं, म्हणून खलबत्ता काढला. बत्ता मुलांच्या हातात बसत नव्हता, दोघांनी मिळून धरला. एकाने उचलायचा आणि दुसऱ्याने सोडायचा, त्यात भांडण झालं, नंतर ताल बसला.

पहिला घाणा वळलाच नाही. मुठीत दाबला की गोळा व्हायचा, हात उघडला की भुगा. मधल्याचा चेहरा पडला आणि मी तूप ओतायला निघाले, तेवढ्यात आजीने थाळ्याला हात लावला. "गार झालंय सगळं. पोरांनो, तीळ भाजून किती वेळ ठेवलेत?" भाजलेले तीळ थंड ताटात तासभर पडून होते, गूळही रात्रभर थंडीत राहून कडक झालेला. गारठलेल्या तिळातून तेल सुटत नाही आणि कडक गूळ त्याला धरत नाही. तिने तीळ पुन्हा हलके गरम केले, गुळाचं ताट उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दोन मिनिटं ठेवलं आणि मिश्रण कोमट असतानाच कुटायला दिलं. चमचाभर तूप पातळ करून घातलं, कारण त्या दिवशी साजूक तूपही बरणीत थिजलेलं होतं. दुसरा घाणा मुठीत राहिला. बिनपाकाच्या लाडवाला नाक मुरडणारी आजीच त्याचा दोष शोधून काढणारी निघाली. त्यानंतर तिने "हा लाडू नव्हे" असं एकदाही म्हटलं नाही. मिश्रण कोमट होतं, हाताला ऊब लागत होती, भाजणारं काही नव्हतं. चार वर्षांच्या मुलानेही वळले. त्याचे लाडू बोराएवढे आणि चपटे, पण ताटात वेगळे ओळखू यावेत म्हणून त्याने प्रत्येकावर बोटाने खड्डा पाडला.

पाकाच्या वेळी ओट्यापासून एक परात लांब ठेवून मुलांना तिच्यापलीकडे बसवलं. थोरलीला एकच काम होतं: पाण्याच्या वाटीत आजीने टाकलेला पाकाचा थेंब बोटांनी गोळा करून बघायचा. थेंब गार पाण्यात पडला की क्षणात गार होतो, त्यामुळे पाकातलं सगळ्यात महत्त्वाचं काम प्रत्यक्षात सगळ्यात सुरक्षितही असतं. पहिला थेंब पाण्यात विरघळून गेला. दुसरा पसरला, बोटाला चिकटला. तिसऱ्याची मऊ गोळी झाली. "आता?" तिने विचारलं. "अजून एक," आजी म्हणाली. चौथी गोळी वाटीवर टाकल्यावर टण् वाजली आणि गॅस बंद झाला. तीळ-कूट घालून वहिनीने मिश्रण ताटात ओतलं, वाटीच्या बुडाने थापलं, आणि परातीची हद्द तिथे संपली. खोबऱ्याचा कीस वरून भुरभुरायला तिघंही तयार होती, लांबून, मुठी उंच धरून. सुरी आजीने मारली, कारण वड्या गरम असतानाच पाडाव्या लागतात.

ओतताना एक थेंब वहिनीच्या करंगळीवर पडला. आजी हळद-तूप आणायला वळली आणि थोरली टूथपेस्ट आणायला धावली. वहिनीने दोन्ही नाकारून नळ सोडला आणि बोट वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरलं. थंडीच्या दिवसांत वीस मिनिटं फार वाटतात, मुलंही मधूनमधून येऊन विचारत होती की झालं का. भाजल्यावर साधं वाहतं पाणीच, तेवढाच वेळ. बर्फ, तूप, पेस्ट, हळद नाही. फोड आला तर फोडायचा नाही. मुलाला भाजलं असेल आणि जखम त्याच्या तळहाताहून मोठी असेल किंवा तोंडावर, हातावर, सांध्यावर असेल, तर पाण्यानंतर थेट डॉक्टर. वहिनीला फोड आला नाही. तिच्या जागी मूल असतं तर, हा विचार तिने बोलून दाखवला नाही आणि आजीनेही काही म्हटलं नाही.

भाजीबद्दल थोडक्यात, कारण तिथे अडचण कमी आली. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, सोलाणे, दाणे, बोरं, तिळाचं कूट, काळा मसाला, चिंच, गूळ. गाजर आणि घेवडा थोरलीने विळीऐवजी पाटावर सुरीने चिरला. विळी आमच्याकडे मुलांना देत नाहीत आणि मला ते पटतं, कारण पात्याकडे हात नेणं हे सुरी हातात धरण्यापेक्षा कठीण आहे. "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण आजीने तिन्ही मुलांना म्हणायला लावली. स्वतः सोललं की मूल भाजी खातं असं सगळे म्हणतात. आमच्या इथे मधल्याने पावटे मोजून खाल्ले, कारण "हे मी सोललेले". प्रत्यक्षात ते धाकट्याने सोललेले होते. धाकट्याने वांगं बाजूला काढून ठेवलं आणि बोर शोधत बसला. थोरलीने सगळं खाल्लं, ती आधीही खात होती.

भाकरीचं मात्र सांगायला हवं. बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गार पाण्यात भिजवलं की थापताना कडा फाटतात. कडकडीत पाणी घातलं की पिठातली खळ फुलते आणि गोळा धरून राहतो. हे पाणी पुन्हा मोठ्यांचं काम. तळहाताच्या टाचेने मळणं आणि परातीत थापणं मुलांचं. तव्यावर टाकणं पुन्हा मोठ्यांचं. थोरलीच्या पहिल्या भाकरीला चार ठिकाणी भेगा पडल्या. आजीने ती मोडून गोळा परत मळायला लावला, एकदा नव्हे, तीन वेळा. मला ते जास्त वाटलं. वहिनीलाही वाटलं असावं. पण थोरलीची चौथी भाकरी तव्यावर फुगली आणि वरचे तीळ तडतडले. तेव्हा तिने कुणाकडेही न बघता पुढचा गोळा घेतला, आणि मी माझं मत गिळलं. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं होतं, हेही लिहून ठेवते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त, ते लवकर खवट होतं, आणि मुलांनी कष्टाने थापलेली भाकरी कडू लागली तर पुढच्या वर्षी बोलावणं कठीण.

संक्रांतीला मुलांनी आपापले लाडू घेऊन आळीत फेरी मारली. बिनपाकाचे लाडू आठवडाभरातच संपवावे लागतात, कुटलेल्या तिळाचं तेल मोकळं असतं आणि त्याला लवकर वास येतो. पाकाच्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर कुरकुरीत राहिल्या, डबा ओल्या हाताने उघडला नाही तोवर.

पुढच्या वर्षी पाक मी करणार, असं थोरलीने आजीला सांगून टाकलं आहे. आजी हो म्हणाली. वहिनीने अट घातली की पाण्यातली गोळी बघून गॅस कधी बंद करायचा ते तिने आधी सांगायचं, आजी फक्त ऐकणार. ओतण्याचं काम मात्र अजून वहिनीकडेच. मधल्याने विचारलं की त्याला काय मिळणार. त्याला सुरी मिळेल, गाजरापुरती, आणि शेगडीच्या बाजूचा पाट त्याच्यासाठी तिथून हलवला जाईल.